परीकथेतून जादू वजा केली तर

रोझला रक्त बघवत नाही, आणि ती शिकायला आली आहे वैद्यकी. साल १३८६. जर्मनीतल्या हार्झ डोंगरांच्या परिसरातलं हागेनहाइम हे कल्पित नगर. लाकूडतोड्याच्या मुलीला किल्ल्यातल्या वैद्यबाईंच्या, फ्राउ गेरुशांच्या हाताखाली उमेदवारी मिळणं ही काही साधी गोष्ट नाही. ती निभावली नाही, तर घरी आईने एक स्थळ हेरून ठेवलंच आहे: वय उलटलेला, सुजट, किळसवाणा व्यापारी. अशात एक दिवस ड्यूकचा मुलगा, उद्याचा ड्यूक लॉर्ड हॅमलिन जखमी होतो आणि त्याच्यावर उपचार करायची पाळी रोझवरच येते. जखम भरत जाते तशी दोघांची मनं गुंतत जातात. अडचण एकच. हॅमलिनचं लग्न आधीच दुसऱ्या एका ड्यूकच्या मुलीशी ठरलेलं आहे. तिच्या जिवावर एक मांत्रिक उठल्यामुळे तिला कुठेतरी लपवून ठेवलंय, आणि ती नेमकी कुठे आहे हे हॅमलिनलाही ठाऊक नाही.

ही ‘स्लीपिंग ब्यूटी’ आहे, हे सांगितल्याशिवाय ध्यानात यायचं नाही. शंभर वर्षांची झोप नाही, वरदान द्यायला जमलेल्या पऱ्या नाहीत, निजलेल्या राजकन्येला जागं करणारं चुंबन नाही. आहेत ते शाप, लपवलेली मुलगी आणि तिला ठाऊक नसलेलं तिचं खरं नाव. मेलनी डिकरसन या अमेरिकी लेखिकेची ‘द हीलर्स अप्रेंटिस’ ही पहिली कादंबरी २०१० साली झोंडरव्हन या ख्रिस्ती प्रकाशनाने काढली आणि त्या वर्षीचा उत्कृष्ट पहिल्या पुस्तकाचा ‘नॅशनल रीडर्स चॉइस’ पुरस्कार तिला मिळाला. डिकरसन यांनी विशेष मुलांच्या शिक्षणाची पदवी घेतलेली, शिक्षिका म्हणून आणि मिशनरी म्हणून काम केलेलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी हागेनहाइम आणि आसपासच्या मुलखात एकामागून एक परीकथा आणून वसवल्या: हिमगौरी, सिंड्रेला, बेडूक राजपुत्र, रपुन्झेल, हंस राखणारी मुलगी, बासरीवाला.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुनियेत हा आता एक ओळखीचा प्रकार आहे. किशोरवयीन आणि नुकत्याच विशीत आलेल्या मुलींसाठी लिहिलेली, जुन्या परीकथेच्या सांगाड्यावर उभी असलेली, प्रेमाभोवती फिरणारी आणि श्रद्धेच्या कुंपणात राहणारी कादंबरी. वरवर पाहता हा सोवळ्यातला रोमान्स. पण त्या कुंपणामुळे लेखकांपुढे एक अस्सल वाङ्मयीन पेच उभा राहतो. परीकथेतली जादू काढून घेतली, तर तिचं काम करायचं कुणी?

कुंपण कुणी घातलं

जादू काढायची ती का, याचं उत्तर धर्मग्रंथात आहे आणि दुकानातही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे, मृतांशी बोलणारे सगळे निषिद्ध ठरवले आहेत. एरवी हा मुद्दा प्रवचनापुरता राहिला असता. पण हॅरी पॉटरची लाट आली आणि असंख्य ख्रिस्ती घरांतले आईबाप मुलांच्या दप्तरात काय आहे ते बघू लागले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा तिच्या शिरोभागी हॅरी पॉटर मालिका होती. अशा घरातल्या मुलीलाही किल्ला, तलवार, राजपुत्र हे सारं हवंच असतं. तिच्या आईला चालेल असं पुस्तक कोण देणार, हा व्यापाराचा प्रश्न झाला.

व्यापार लहान नव्हता. जेनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही माळरानावरच्या वसाहतीतली प्रेमकहाणी १९७९ साली बेथनी हाउसने काढली, आणि श्रद्धाळू वाचकांसाठीचा रोमान्स धो-धो खपू शकतो हे प्रकाशकांना उमगलं. १९९९ साली ख्रिस्ती कथासाहित्यासाठी ‘ख्रिस्टी’ पुरस्कार सुरू झाला. त्याचं नाव कॅथरीन मार्शल यांच्या १९६७च्या कादंबरीवरून घेतलेलं. १९३१ साली मिशिगनमध्ये दोन भावांनी सुरू केलेलं झोंडरव्हन १९८८ मध्ये रुपर्ट मरडॉक यांच्या साम्राज्यात गेलं. १७९८ साली एडिनबरात जन्मलेलं थॉमस नेल्सन हे प्रकाशनही २०१२ पर्यंत त्याच साम्राज्यातल्या हार्परकॉलिन्सच्या छत्राखाली आलं. म्हणजे भक्तिभावाने लिहिलेली ही पुस्तकं छापणारं घर आणि तडक-भडक वर्तमानपत्रं काढणारं घर यांची मालकी बराच काळ एकाच घराण्याकडे राहिली.

या प्रकाशनांचे नियम कुठे कोरून ठेवलेले नसले, तरी लिहिणाऱ्याला पाठ असतात. शिवीगाळ नाही. शय्यागृहाचं दार उघडायचं नाही. नायक-नायिकेचं प्रेम जसं वाढेल तसा त्यांचा देवाशी असलेला संबंधही कुठून तरी कुठेतरी पोचला पाहिजे. वाचक अशा पुस्तकाला ‘क्लीन’ म्हणतात. पहिलं चुंबन येतं ते बहुधा शेवटाकडे, आणि तेवढ्यासाठी वाचक तीनशे पानं थांबायला तयार असतो.

धर्माचा हात जुनाच

परीकथेला कुणी तरी आत्ता येऊन जानवं घातलं, असं मात्र नाही. धर्माचा आणि सभ्यतेचा हात या कथांवरून शतकानुशतकं फिरतो आहे, आणि निद्रिस्त राजकन्येच्या कथेत तो स्पष्ट दिसतो. नेपल्सच्या जांबत्तिस्ता बाझीलेचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यातल्या रूपात शिकारीला आलेला विवाहित राजा झोपेतल्या तालियावर बलात्कार करून निघून जातो आणि ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते. जेमतेम साठ वर्षांनी, १६९७ मध्ये, फ्रान्समध्ये शार्ल पेरो तीच कथा सांगतो तेव्हा राजपुत्र गुडघे टेकतो, राजकन्या आपोआप जागी होते आणि त्याच रात्री किल्ल्याच्या प्रार्थनामंदिरात धर्मगुरू दोघांचं लग्न लावतो. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी चुंबन आणलं. पण त्यांच्याही कथेत काटेरी कुंपण बाजूला होतं ते शापाची शंभर वर्षं त्याच दिवशी भरली म्हणून. राजपुत्र नशीबवान, मुदतीच्या दिवशी पोचलेला.

ग्रिम बंधू कॅल्विनपंथी घरातले. धाकट्या विल्हेमने १८१२ ते १८५७ या काळात सात आवृत्त्यांमधून या कथा घासूनपुसून घेतल्या. पहिल्या आवृत्तीतली रपुन्झेल भाबडेपणाने विचारते की आपले कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागलेत. मुलांच्या आईबापांनी नाकं मुरडल्यावर पुढच्या आवृत्त्यांतून ते गरोदरपण गायब झालं. सिंड्रेलाची मरणासन्न आई लेकीला श्रद्धाळू आणि चांगली राहायला सांगते, देव पाठीशी राहील असा भरवसा देते. पेरोची परी-मावशी या जर्मन कथेत नाहीच. आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आणि त्यावरचे पक्षी मुलीला वस्त्रं देतात.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’चं तेच. मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये लिहिलेली लांबलचक कथा १७५६ मध्ये मादाम ल प्रँस द बोमाँ यांनी आटोपशीर केली. बोमाँबाई लंडनमध्ये श्रीमंतांच्या मुलींना शिकवत असत, आणि रूप व बुद्धीपेक्षा सद्गुण थोर हा धडा त्यांना त्या मुलींच्या गळी उतरवायचा होता. अँडरसनच्या १८३७च्या जलपरीला तर राजपुत्र हवा असतो तो अर्ध्याच कारणासाठी. दुसरं कारण म्हणजे माणसासारखा अमर आत्मा. डिस्नेच्या चित्रपटांवर वाढलेल्या पिढीला हे आठवत नाही, एवढंच. त्या दृष्टीने डिकरसन आणि त्यांच्यासारख्या लेखिका नवं काही करत नसून विल्हेम ग्रिमचं अर्धवट राहिलेलं संपादन पुढे नेत आहेत.

एका पुस्तकाचं ग्रंथालय

जादू वजा करण्याचं तंत्र जवळून पाहायचं तर ‘द मर्चंट्स डॉटर’ ही डिकरसन यांची २०११ची कादंबरी घ्यावी. ही ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. काळ १३५२, जागा इंग्लंड. प्लेगच्या महामारीने चार वर्षांपूर्वी देश निम्मा रिकामा केला आहे. मजूर मिळेनासे झालेत, आणि उरलेल्यांना कामाला जुंपण्यासाठी १३५१चा मजुरांविषयीचा कायदा आला आहे. एकेकाळच्या सधन व्यापाऱ्याच्या कुटुंबाने जमीनदाराच्या शेतावरची आपल्या वाट्याची कामं टाळली. त्याची भरपाई म्हणून ॲनाबेल ही मुलगी नव्या जमीनदाराच्या वाड्यावर बांधील नोकर म्हणून जाते. बापाने गुलाब तोडला म्हणून मुलगी राक्षसाच्या घरी, ही मूळ कथेतली अतर्क्य देवाणघेवाण इथे वेठबिगारीच्या हिशोबात बसते. परीकथेपेक्षा इतिहास जास्त क्रूर असल्यामुळे ती बसते, आणि चपखल बसते.

राक्षसही माणूसच आहे. लॉर्ड रॅनल्फ ल वाइज याला लांडग्याने फाडलेलं. चेहऱ्यावर व्रण, एक डोळा गेलेला, स्वभाव तिरसट. त्याच्यावर शाप कुठला? बोमाँच्या कथेत सुंदरीला राक्षसाच्या महालात स्वतःची खोली मिळते, त्यात वाद्य असतं आणि भरगच्च ग्रंथालय. १९९१च्या डिस्नेपटातही ग्रंथालयाचं दार उघडतं तिथेच नायिकेचं मन वळू लागतं. डिकरसन यांनी ते ग्रंथालय एका पुस्तकावर आणलं. ॲनाबेलला बायबल वाचायची ओढ आहे, त्यापायी ती मठात जायचीही स्वप्नं बघते. आणि बायबल आहे ते रॅनल्फच्या घरी. रोज संध्याकाळी त्याला ते वाचून दाखवायचं, हे तिचं काम ठरतं. विक्लिफच्या वर्तुळातला इंग्रजी अनुवाद यायला अजून तीसेक वर्षं आहेत. छपाईही नाही. अशा काळात सामान्य मुलीच्या हाती ते पुस्तक पडणं, हे मंतरलेल्या गुलाबाहून कमी दुर्मीळ नाही. दोन माणसं एका पुस्तकाभोवती रोज बसतात आणि हळूहळू एकमेकांना दिसू लागतात. जादूने जे केलं असतं ते इथे वाचनाने केलं. २०१२ साली या कादंबरीला ‘कॅरल’ हा ख्रिस्ती कथासाहित्याचा पुरस्कार मिळाला.

हीच युक्ती त्या पुन्हा वापरतात. ‘द गोल्डन ब्रेड’ (२०१५) मधल्या रपुन्झेलला मनोऱ्याबाहेर पडण्याआधी हवं असतं ते वाचायला शिकणं, आणि ते शिकवणारा सरदार हाच तिचा नायक. ‘द सायलेंट साँगबर्ड’ (२०१६) ही जलपरीची कथा दुसऱ्या रिचर्ड राजाच्या दरबारात सुरू होते. राजाच्या आश्रयाखालची इव्हँजेलिन नको असलेल्या लग्नातून पळते आणि ओळखू येऊ नये म्हणून मुकी असल्याचं सोंग घेते. अँडरसनने जलपरीची जीभ कापली होती. इथे मुकेपण ही शिक्षा नसून खोटेपणा आहे, आणि तो खोटेपणा नायिकेच्या सदसद्विवेकाला टोचणारा प्रश्न बनतो. मूळ कथेत बाहेरून आलेली अडचण आतली झाली, हा बदल साधा नाही.

तंत्र सगळीकडे सारखंच लागू पडतं असं नाही. मुलान ही चिनी लोककाव्यातली मुलगी ‘द वॉरियर मेडन’मध्ये लिथुआनियाच्या बाजूला ट्यूटॉनिक सरदारांशी लढते. अल्लादीन ‘द ऑर्फन्स विश’मध्ये जर्मनीत येऊन पोचतो. युरोपातली परीकथा युरोपातल्या चर्चच्या घंटेखाली सहज नांदते, पण मुलानचं बापाविषयीचं कर्तव्य चिनी संस्कारातून उगवलेलं आहे. ते उपटून दुसऱ्या धर्माच्या कुंडीत लावलं की रोप जगतं, पण ते दुसरंच रोप होतं.

शब्द पाळल्याचं बक्षीस

‘द हीलर्स अप्रेंटिस’कडे परत यायला हवं, कारण या प्रकाराचं बळ आणि दुबळेपण दोन्ही त्या पहिल्याच पुस्तकात आहे. हॅमलिनने शब्द दिलेला आहे. रोझला ते माहीत आहे. प्रेम की कर्तव्य या पेचात दोघं कर्तव्याकडे झुकतात; आणि मग कळतं की लपवून ठेवलेली वाग्दत्त वधू म्हणजे रोझच! शब्दही पाळला, प्रेमही मिळालं. १९५९च्या डिस्नेपटातही राजपुत्राला रानात भेटलेली मुलगीच त्याची ठरलेली वधू निघते. पण तिथे तो नुसता गोड योगायोग होता. इथे त्याला नैतिक वजन आलं. देवावर सोपवा, तो योग्य जागी आणून सोडतो.

अमेरिकेतल्या ज्या मुली हे वाचत होत्या, त्यांच्याभोवती नेमका हाच संदेश दुसऱ्या मार्गांनीही येत होता. सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी १९९३ मध्ये ‘ट्रू लव्ह वेट्स’ ही मोहीम सुरू केली. लग्नाआधी संबंध ठेवणार नाही अशी शपथपत्रं लाखो मुलामुलींनी भरली. १९९७ मध्ये जोशुआ हॅरिस या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाचं ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक आलं आणि घरोघरी पोचलं. त्याच सुमारास जेनी बिशप यांचं ‘द प्रिन्सेस अँड द किस’ हे चित्रमय पुस्तक लहान मुलींसाठी आलं. त्यात देवाने राजकन्येला जन्मतःच एक चुंबन दिलेलं असतं आणि योग्य वराची गाठ पडेपर्यंत ते जपून ठेवायचं असतं. परीकथा इतकी सरळ पावित्र्याच्या धड्याला जुंपलेली क्वचितच दिसेल.

पुढे उलटी लाट आली. २०१८ मध्ये लिंडा के क्लाइन यांच्या ‘प्युअर’ या पुस्तकाने त्या संस्कारात वाढलेल्या बायकांच्या मनात उरलेली लाज आणि भीती वेशीवर टांगली. त्याच वर्षी हॅरिसने स्वतःच्या पुस्तकाचं प्रकाशन थांबवलं, आणि २०१९ मध्ये आपण आता ख्रिस्ती राहिलो नाही असं जाहीर केलं. परीकथा-कादंबऱ्यांकडेही मग लोक डोळे बारीक करून पाहू लागले. नीट वागलीस तर राजपुत्र मिळेल, हा छुपा करार यांतही नाही का?

आहे, आणि नाहीही. मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये, कारण आपण त्याला सकाम आणि निष्काम भक्ती म्हणतो. चातुर्मासातल्या कहाण्या याच प्रश्नाच्या एका टोकाला उभ्या आहेत. आटपाट नगर, आवडती नि नावडती राणी, वसा घेणं आणि वसा टाकणं. व्रत केलं की फळ, मातलं की सगळं गेलं. देवतेने तो व्यवहार मान्यच केलेला आहे आणि कहाणी तो लपवतही नाही. प्रॉटेस्टंट धर्मविचाराला हे मानवत नाही. कृपा कमावता येत नाही, हा तर त्याचा पाया. त्यामुळे प्रार्थना केली आणि लगेच दार उघडलं असं दाखवलं, की देव आणि परी-मावशी यांच्यात फरक उरत नाही. कथाही पडते, श्रद्धाही उथळ होते. बऱ्या लेखिका हे ओळखून असतात. त्यांच्या नायिका प्रार्थना करतात, उत्तर येत नाही, आणि मग त्यांना काहीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणं हीच त्या कादंबरीची जादू. कच्च्या पुस्तकांत मात्र ऐनवेळी वीज पडते, घोडा बुजतो, खलनायक कड्यावरून कोसळतो.

श्रद्धा आणि कादंबरी यांची गाठ मराठीत तर मुळातच पडलेली. बन्यनच्या १६७८च्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचं हरि केशवजींनी केलेलं ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर १८४१ साली आलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ची कादंबरी, जिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, तीही धर्मश्रद्धेचीच: विधवांचे हाल, यमुनेचं वैधव्य, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि पुनर्विवाह. चारच वर्षांनी हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि राजपुत्र-राजकन्यांच्या अद्भुतरम्य कथांनी वाचकांना वेड लावलं. मराठीत हे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहिले, मिसळले नाहीत. अमेरिकेतल्या या प्रकारात ते दीडशे वर्षांनी एका पात्रात आलेले दिसतात.

देव लपवण्याची रीत

जादू काढून देवाला समोर आणणं हा एक मार्ग. दुसरा अगदी उलटा: जादू भरपूर ठेवायची आणि देवाचं नावच घ्यायचं नाही. डिकरसन यांची पहिली कादंबरी आली त्याच २०१० साली अ‍ॅन एलिझाबेथ स्टेंगल यांची ‘हार्टलेस’ बेथनी हाउसने काढली. राजकन्या ऊना हिला मागणी घालायला फार्दस्टशोरचा राजपुत्र एथेलबाल्ड येतो. साधा, गंभीर, कंटाळवाणा वाटणारा. तिचं मन जडतं ते दुसऱ्याच एका हसऱ्या विदूषकावर. तो दगा देतो, ड्रॅगनराजा तिला गाठतो आणि त्याच्या चुंबनाने ती स्वतःच ड्रॅगन होते. चुंबनाने बेडकाचा राजपुत्र होतो हे आपण ऐकलेलं. इथे राजकन्येचा ड्रॅगन होतो. झिडकारलेला एथेलबाल्ड तरीही तिच्या मागे येतो. तो कुणाचं रूपक आहे हे चर्चमध्ये वाढलेल्या वाचकाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांना ती निव्वळ ड्रॅगनची गोष्ट म्हणून वाचता येते. या कादंबरीला पहिल्या पुस्तकाचा ‘ख्रिस्टी’ पुरस्कार मिळाला.

ही वाट जॉर्ज मॅकडॉनल्डची. १८२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या हंटलीत जन्मलेल्या या धर्मोपदेशकाची मतं त्याच्या मंडळींना पचेनात. १८५३ मध्ये अरुंडेलचं चर्च त्याला सोडावं लागलं आणि पोटासाठी त्याने लेखणी धरली. त्याच्या १८६४च्या ‘द लाइट प्रिन्सेस’मधल्या राजकन्येला शापामुळे वजनच नाही; ती हवेत तरंगते, आणि तिच्या मनालाही कशाचं गांभीर्य नाही. तळ्याच्या तळाला भोक पडून पाणी आटत चाललंय आणि ते भोक कुणीतरी स्वखुशीने आपल्या देहाने बुजवलं तरच तळं वाचेल. राजपुत्र तयार होतो. पाणी गळ्यापर्यंत चढत असताना राजकन्या त्याला बिस्किटं आणि वाइन भरवते. भाकर आणि द्राक्षारस! पूर्ण कथेत प्रवचनाचा एक शब्द नाही, पण प्रभुभोजनाचा विधी तळ्याच्या मध्यभागी मांडलेला आहे. बुडालेला राजपुत्र पुन्हा डोळे उघडतो, तेव्हा कुठे तिला जन्मात पहिल्यांदा रडू फुटतं आणि पाय जमिनीला लागतात.

१९१६ मध्ये सतरा वर्षांच्या, नास्तिक सी. एस. लुइसने रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर मॅकडॉनल्डची ‘फँटास्टीज’ उचलली, आणि पुढे जन्मभर त्याला गुरू मानलं. नार्नियाची पुस्तकं सगळ्यांना ठाऊक असतात. पण या प्रकाराचा खरा पूर्वज म्हणजे लुइसची १९५६ची ‘टिल वी हॅव फेसेस’, क्यूपिड आणि सायकीची कथा कुरूप थोरल्या बहिणीच्या तोंडून. तिच्यात श्रद्धा हे उत्तर नसून देवांवर दाखल केलेला खटला आहे. टोलकीनने १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं, त्यात त्याने अनपेक्षित सुखान्ताला परीकथेचं सर्वोच्च कार्य ठरवलं आणि त्याचं नातं थेट शुभवर्तमानाशी जोडलं. त्या व्याख्यानाच्या पुण्याईवर आजचे ख्रिस्ती फँटसी लेखक राक्षस आणि पऱ्या लिहिण्याचा परवाना मिळवतात.

तिसऱ्या मार्गाने गेलेली कादंबरी ख्रिस्ती दुकानांत मिळत नाही, पण श्रद्धेच्या बाबतीत ती कुणाला हार जात नाही. नाओमी नोव्हिक यांची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (२०१८). नोव्हिक यांच्या वडिलांकडचं घराणं लिथुआनियातल्या ज्यूंचं. पेंढ्याचं सोनं करणाऱ्या बुटक्याच्या ‘रुंपेलस्टिल्टस्किन’ कथेत पैशाचा लोभी परका माणूस हे चित्र कुणाला डोळ्यापुढे ठेवून रंगवलं गेलं असेल, या संशयापासून ही कादंबरी सुरू होते. नायिका मिर्येम ही सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की उधारी वसूल होत नाही. ती वसुली हातात घेते आणि चांदीचं सोनं करते, असं बर्फाळ राज्याच्या राजाच्या कानावर जातं. त्या राज्यात नेल्यावरही ती शब्बाथ पाळते, आणि शेवटी लग्न लागतं ते ज्यू पद्धतीने. मोठ्यांसाठी लिहिलेल्या पण किशोरांना भावतील अशा पुस्तकांना अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ‘अ‍ॅलेक्स’ पुरस्कार देते. २०१९ मध्ये तो हिला मिळाला. इथे श्रद्धा म्हणजे हट्टाने पाळलेला नेम. त्याने चमत्कार घडेल अशी मिर्येमची अपेक्षा नाही.

दुकानं बंद, बाजार चालू

२०१७ मध्ये ‘फॅमिली ख्रिश्चन’ या साखळीने आपली सुमारे २४० दुकानं बंद करायचं ठरवलं. २०१९ मध्ये ‘लाइफवे’नेही आपली १७० दुकानं मोडीत काढली. आई मुलीला घेऊन जायची, विक्रेता ओळखीचा असायचा आणि कपाटातलं कुठलंही पुस्तक डोळे झाकून घ्यावं असा भरवसा असायचा, ती जागाच गेली. लिहिणारे मात्र थांबले नाहीत. ‘मार्चर लॉर्ड प्रेस’ नावाने २००८ मध्ये सुरू झालेलं आणि पुढे ‘एनक्लेव्ह’ झालेलं छोटं प्रकाशन फक्त ख्रिस्ती फँटसी आणि विज्ञानकथा काढतं. २०१३ पासून ‘रेल्म मेकर्स’ हे या लेखकांचं संमेलन भरतं. रूगलवुड प्रेसने ‘फाइव्ह ग्लास स्लिपर्स’ (२०१४), ‘फाइव्ह एन्चँटेड रोझेस’ (२०१५) अशा स्पर्धा-संग्रहांतून नवख्या मुलींना एकेक परीकथा फिरवून लिहायला लावली. बरंचसं लेखन आता लेखक स्वतःच किंडलवर टाकतात.

दरम्यान मुख्य बाजारात ‘रोमँटसी’चा, म्हणजे रोमान्स आणि फँटसी यांच्या मिश्रणाचा, पूर आला. सारा मास यांची २०१५ची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ हीदेखील ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च, पण शय्यागृहाचं दार सताड उघडं. टिकटॉकवरच्या वाचक मुली पुस्तकाला तिखटाच्या मापाने गुण देऊ लागल्या. त्यामुळे ‘क्लीन’ हा शब्द नव्याने वधारला. फक्त त्यातला देव पातळ होत चालला. कितीतरी पुस्तकांत आता प्रार्थना नसते, चर्च नसतं. उरतो तो चुंबनावर थांबण्याचा नेम. श्रद्धेतून आलेला नियम श्रद्धेशिवाय विकता येतो, हे बाजाराने दाखवून दिलं आहे. निष्ठावान लेखिकांची खरी स्पर्धा मास यांच्याशी नसून या शेजाऱ्यांशी आहे.

कच्च्या मालाची त्यांना चिंता नाही. ग्रिम बंधूंच्या १८५७च्या शेवटच्या आवृत्तीत दोनशे परीकथा आहेत. त्यांच्या मागे दहा कथा वेगळ्या काढून ‘मुलांसाठी धर्मकथा’ म्हणून छापल्या आहेत. तिथे मेरी आहे, सेंट जोसेफ आहे, बारा प्रेषित आहेत. श्रद्धेची परीकथा लिहायची तर यांच्याइतका तयार ऐवज दुसरीकडे मिळणार नाही. तरीही डिकरसन यांच्या लांबलचक यादीत त्या दहांतली एकही नाही. त्यांत प्रेमिक नाहीत. नायक बहुधा एखादं पोर किंवा जख्खड म्हातारी, आणि ‘स्वर्गातलं लग्न’ नावाच्या कथेत त्या लग्नाला पोचायचं म्हणजे आधी मरायचं. देव स्वतःच सगळं उरकून टाकतो, सोळा वर्षांच्या नायिकेला चुकायला, भांडायला, ठरवायला जागाच ठेवत नाही. म्हणून या लेखिका उचलतात त्या रपुन्झेल, सिंड्रेला आणि काटेरी कुंपणामागे झोपलेली मुलगी.